एलसी हातात आली. माल भरण्याआधी तिच्यात काय वाचाल?

कागदी घोडा (धागाकर्ता)

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: अटींप्रमाणे कागद मिळाले की विकणाऱ्याला पैसे देऊ, ही खरेदीदाराच्या बँकेची हमी. तिच्यावरची चर्चा बहुतेक वेळा "बँकेने कागद नाकारले, आता काय करू?" इथून सुरू होते. तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. म्हणून या धाग्यात उलट्या टोकाने सुरुवात करू. खाली एक काल्पनिक एलसी आहे. स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावर एलसी उघडण्याचा जो एमटी ७०० संदेश असतो, त्यात येते तशीच, फक्त कामाचे रकाने ठेवले आहेत. माल अजून कारखान्यात आहे असं धरा आणि विकणाऱ्याच्या बाजूने काय खटकतं ते सांगा.

४०ई : यूसीपी, लेटेस्ट व्हर्जन
३१डी : मुदत ३० जून, ठिकाण एलसी उघडणाऱ्या बँकेचं काउंटर
३२बी : १,००,००० अमेरिकी डॉलर
४१ए : पैसे उघडणाऱ्या बँकेकडेच, बाय पेमेंट, साइट (कागद बरोबर ठरले की लगेच)
४३पी : पार्शल शिपमेंट नॉट अलाउड
४४सी : लदानाची शेवटची तारीख १५ जून
४५ए : सुती धागा, ३० काउंट, २५,००० किलो, ५०० कार्टन, ४ डॉलर प्रति किलो, सीआयएफ (किमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेलं)
४६ए : सही केलेलं इन्व्हॉइस ३ प्रतींत, बिल ऑफ लेडिंगचा (मालाचा ताबा देणारी जहाजवाहतुकीची पावती) पूर्ण संच, म्हणजे तिन्ही मूळ प्रती, क्लीन ऑन बोर्ड, उघडणाऱ्या बँकेच्या ऑर्डरवर, फ्रेट प्रीपेड, विमा पॉलिसी, पॅकिंग लिस्ट, तपासणी प्रमाणपत्र, ज्यावर खरेदीदाराच्या अधिकृत प्रतिनिधीची सही हवी आणि ती बँकेकडच्या नमुना सहीशी जुळायला हवी
४७ए : माल नेणारं जहाज १५ वर्षांपेक्षा जुनं नसावं
४८ : (शिपमेंटनंतर कागद देण्याची मुदत) रिकामा
४९ : (कन्फर्मेशन, म्हणजे दुसऱ्या बँकेची जादा हमी) विदाउट

'लेटेस्ट व्हर्जन' म्हणजे आज यूसीपी ६००. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे हे एलसीविषयीचे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि त्यात ३९ कलमं आहेत. पहिली यूसीपी १९३३ची. हा कुठल्याही देशाचा कायदा नाही. एलसीत उल्लेख केला म्हणून करार म्हणून लागू होतो. कोर्टात गेल्यावर त्या त्या देशाचा कायदा त्याच्या जोडीला येतो.

नांगर

धाग्यावर धागा! बरं, मुद्द्याचं.

तपासणी प्रमाणपत्राची अट दिसली की बाकीचं वाचायचं थांबवून आधी खरेदीदाराला फोन लावावा. बाजार पडला, त्याला माल नकोसा झाला, तर त्याने फक्त प्रतिनिधी पाठवायचा नाही. प्रमाणपत्र नाही, म्हणजे कागद अपुरे, म्हणजे पैसे नाहीत. बँकेची हमी कागदावर पक्की, पण तिची किल्ली खरेदीदाराच्या खिशात. सही मिळाली तरी ती बँकेतल्या नमुन्याशी जुळते का, हे विकणाऱ्याला तपासताच येत नाही. तो नमुना त्याने कधी पाहिलेला नसतो.

ही अट पूर्ण काढून टाका, नाहीतर 'अमुक स्वतंत्र तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र' अशी बदलून घ्या. बदलताना त्यात काय लिहिलेलं असावं तेही ठरवा. यूसीपीच्या कलम १४एफ प्रमाणे एलसीने कागद कुणी द्यायचा आणि त्यात काय असावं हे सांगितलं नसेल, तर त्या प्रकारच्या कागदाचं काम भागवणारा मजकूर बँकेला चालतो. वाहतुकीचे कागद, विमा आणि इन्व्हॉइस यांना मात्र ही सवलत नाही.

शंकेखोर

४८ रिकामा आहे, म्हणजे कागद द्यायला शिपमेंटपासून २१ दिवस मिळतात ना? १५ जूनला माल चढवला तर ६ जुलैपर्यंत वेळ आहे.

खलाशी

नाही. कलम १४सी पूर्ण वाचा. शिपमेंटच्या तारखेनंतर २१ कॅलेंडर दिवस, पण एलसीची मुदत संपण्याच्या आत. मुदत ३० जूनची आहे. म्हणजे १५ जूनच्या लदानाला हातात राहतात १५ दिवस.

तेही पूर्ण नाहीत, कारण ३१डीतलं ठिकाण परदेशातल्या बँकेचं काउंटर आहे. ३० जूनला कागद तुमच्या बँकेत देऊन उपयोग नाही, ते तिकडे पोचलेले हवेत. आता उलटी गणती करा. जहाज सुटल्यावर बिल ऑफ लेडिंग हातात यायला २-३ दिवस, तुमच्या बँकेत तपासायला २-३, कुरियरला ४-५. चूक निघाली तर दुरुस्त करून पुन्हा द्यायला काहीच उरत नाही. मुदतीचं ठिकाण विकणाऱ्याच्या देशात हवं, आणि शेवटची लदान तारीख व मुदत यांच्यात निदान २१ दिवसांचं अंतर.

एक बारकावा. ३० जूनला ती बँक नेहमीच्या सुट्टीमुळे बंद असेल, तर कलम २९ प्रमाणे मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. लदानाची शेवटची तारीख मात्र कुठल्याही सुट्टीने पुढे सरकत नाही. आणि बँक संप, दंगल, युद्ध अशा कारणाने बंद असेल तर कलम ३६ लागतं. त्या काळात संपलेल्या एलसीवर बँक नंतरही पैसे देत नाही.

तळटीप

खलाशींच्या मुद्द्याला ४१ए जोडून वाचा. 'उघडणाऱ्या बँकेकडेच' असं असल्यामुळे विकणाऱ्याच्या देशातली बँक इथे नुसती टपाल पोचवणारी. तिने कागद तपासून 'ठीक आहेत' म्हटलं तरी त्या म्हणण्याला यूसीपीत वजन नाही.

हेच 'एनी बँक, बाय निगोशिएशन' (कुठलीही बँक कागद घेऊन आगाऊ पैसे देऊ शकते) असतं, तर तुमची बँक नॉमिनेटेड बँक, म्हणजे एलसीनेच नेमलेली बँक, झाली असती. मग तिने कागद बरोबर ठरवून पुढे पाठवले आणि कुरियरने वाटेत हरवले, तरी कलम ३५ प्रमाणे उघडणाऱ्या बँकेला पैसे द्यावेच लागतात. सध्याच्या रचनेत कागद वाटेत गहाळ होण्याची जोखीम सगळी विकणाऱ्यावर आहे. रकाना एका ओळीचा, पण सगळ्यात जास्त दुर्लक्षित हाच.

पाटीपेन्सिल

प्रमाणाबद्दल. पॅकिंग पक्कं होताना भरले २४,६०० किलो. ५ टक्के कमीजास्त चालतं असं सगळे म्हणतात. इथे चालेल?

कागदी घोडा

इथे नाही. कलम ३०बी ५ टक्के सूट देतं, पण दोन अटींवर. एकूण उचललेली रक्कम एलसीच्या वर जायला नको, आणि एलसीने प्रमाण नगांच्या किंवा पॅकिंगच्या संख्येत बांधलेलं नको. ४५एमध्ये '५०० कार्टन' लिहिलं आणि सूट गेली. ते दोन शब्द नसते तर २३,७५० किलोपर्यंत खाली येता आलं असतं. वरच्या बाजूला २६,२५० किलो पाठवता आले असते, पण पैसे १,००,०००च.

खरी सोय म्हणजे ४५एमध्ये 'अबाउट' टाकून घेणं. कलम ३०ए प्रमाणे 'अबाउट' किंवा 'अप्रॉक्झिमेटली' म्हणजे १० टक्के कमीजास्त. पण हा शब्द ज्याच्या मागे लागलाय त्यालाच लागू होतो. प्रमाणाला लावला आणि रकमेला नाही, तर माल १० टक्के जास्त गेला तरी पैसे तेवढेच. दोन्हीकडे मागा.

खलाशी

सीआयएफ आहे म्हणून विम्याचे सापळे. मला यात पाच दिसतात.

विम्याची रक्कम सीआयएफ किमतीच्या निदान ११० टक्के, म्हणजे १,१०,००० डॉलर, आणि चलन एलसीचंच. पॉलिसीची तारीख शिपमेंटनंतरची नको. तशी असेल तर संरक्षण शिपमेंटच्या दिवसापासून किंवा त्याआधीपासून लागू आहे हे त्या कागदावरच दिसायला हवं. कव्हर नोट (पॉलिसीआधीची तात्पुरती चिठ्ठी) चालत नाही. आणि एलसीने 'पॉलिसी' मागितलीय. ओपन कव्हरखालचं (अनेक शिपमेंटसाठी एकदाच घेतलेल्या विम्याखालचं) सर्टिफिकेट सर्रास मिळतं, पण सर्टिफिकेट मागितलं असता पॉलिसी दिलेली चालते, उलट चालत नाही. अमेंडमेंटमध्ये, म्हणजे एलसीच्या दुरुस्तीत, 'पॉलिसी किंवा सर्टिफिकेट' करून घ्या.

पॉलिसीच्या दोन मूळ प्रती निघाल्याचं तिच्यावर लिहिलं असेल तर दोन्ही द्याव्या लागतात. एक फाइलला ठेवली की डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली त्रुटी.

अवांतर: माल कंटेनरमधून यार्डात सोपवायचा असेल तर सीआयएफ ही मुळात चुकीची इन्कोटर्म (खर्च आणि जोखीम कुणाकडे हे सांगणारी व्यापारी संज्ञा). ती जहाजावर माल चढवण्याच्या व्यवहारासाठी आहे. कंटेनरला सीआयपी, तिच्यातही विमा आणि भाडं विकणाऱ्याचं. एफसीएवर (खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे माल सोपवून) विकत असाल तर इन्कोटर्म्स २०२० मध्ये एक सोय आहे. खरेदीदाराने वाहतूकदाराला ऑन बोर्ड शेरा असलेलं बिल ऑफ लेडिंग विकणाऱ्याला द्यायला सांगावं, असं दोघांना ठरवता येतं. ती सोय एलसीसाठीच आली.

शंकेखोर

आणि जहाजाचं वय? त्याचा कुठलाच कागद मागितलेला नाही. वेगळं सर्टिफिकेट जोडावं का?

तळटीप

नका जोडू. कागद न मागता घातलेल्या अटीकडे बँकेने दुर्लक्ष करायचं, असं कलम १४एच सांगतं. न मागितलेला कागद दिलात तर तोही बँक बाजूला ठेवू शकते. पण मागितलेल्या कागदात त्या अटीच्या विरुद्ध काही दिसता कामा नये. पॅकिंग लिस्टवर कुणी हौसेने 'जहाज बांधणी २००१' छापलं तर तो विरोध ठरतो.

हे बँकेपुरतं झालं. विक्रीच्या करारातही वयाची अट असेल तर खरेदीदाराचा त्यावरचा दावा जिवंत राहतोच. एलसी आणि करार वेगळे, हे कलम ४ दोन्ही बाजूंना लागू आहे.

नांगर

बिल ऑफ लेडिंगवर कुणीच बोललं नाही, आणि तिथेच सर्वांत जास्त कागद अडकतात.

सही कुणाची, हे आधी बघा. कलम २० प्रमाणे वाहतूकदाराचं नाव कागदावर दिसायला हवं, आणि सही वाहतूकदाराची, कप्तानाची किंवा त्यांच्यापैकी एकाच्या एजंटची. एजंटने सही केली तर तो कुणाचा एजंट आहे हे लिहिलेलं हवं. नुसतं 'ॲज एजंट' आणि खाली शिक्का, म्हणजे नापास. फॉरवर्डरने (वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाने) दिलेलं बिलही चालू शकतं, पण तो वाहतूकदार म्हणून किंवा नाव दिलेल्या वाहतूकदाराचा एजंट म्हणून सही करत असेल तरच.

मग ऑन बोर्ड. फॉर्मवर 'शिप्ड ऑन बोर्ड' आधीच छापलेलं असेल तर बिलाची तारीख हीच शिपमेंटची तारीख. 'रिसीव्हड फॉर शिपमेंट' असेल तर वेगळा ऑन बोर्ड शेरा आणि त्याची तारीख हवी, आणि तीच शिपमेंटची तारीख धरतात. बिल १२ जूनचं, ऑन बोर्ड शेरा १६ जूनचा, म्हणजे ४४सी मोडली.

'क्लीन' हा शब्द छापलेला असण्याची गरज नाही, कलम २७ तसं स्पष्ट सांगतं. माल किंवा पॅकिंग खराब असल्याचा शेरा नसला की बिल क्लीन. 'काही कार्टन ओले' असा शेरा आला की संपलं.

राहिला 'बँकेच्या ऑर्डरवर'चा मुद्दा. बँकेने कागद नाकारून परत पाठवले तरी त्या बिलावर तिच्या एन्डॉर्समेंटशिवाय (बिलामागच्या सहीशिवाय) माल दुसऱ्याला विकता येत नाही. शक्य असेल तर 'टू ऑर्डर, ब्लँक एन्डॉर्स्ड' (कुणाचंही नाव न घालता मागे सही केलेलं) मागा. 'एक मूळ बिल थेट खरेदीदाराला पाठवा' ही अट मात्र कधीच मान्य करू नका. तीनपैकी एक मूळ प्रत दाखवून माल सुटतो. मग बाकीच्या दोन कागदाच्या किमतीच्या.

पाटीपेन्सिल

टायपिंगच्या चुकांवर बँका नाकारतात हे खरं आहे का? एक अक्षर इकडेतिकडे आणि लाखभर डॉलर अडकले, असं ऐकायला मिळतं.

कागदी घोडा

निम्मं खरं. जुनी इंग्लिश कोर्टं फार कडक होती. इक्विटेबल ट्रस्ट विरुद्ध डॉसनमध्ये १९२० च्या दशकात लॉर्ड सम्नरने म्हटलं की जवळपास सारख्या किंवा 'याने भागेल' अशा कागदांना इथे जागा नाही. रेनर विरुद्ध हॅम्ब्रोज हा १९४० च्या दशकातला खटला. एलसीत 'कोरोमंडल ग्राउंडनट्स', बिल ऑफ लेडिंगवर 'मशीनने सोललेले शेंगदाणे'. व्यापारात दोन्ही एकच, पण बँकेने व्यापाऱ्यांची परिभाषा जाणून घेण्याची गरज नाही म्हणत कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला.

यूसीपी ६०० इतकी कठोर नाही. कागदातला मजकूर एलसीशी शब्दशः सारखा असण्याची गरज नाही, पण तो विसंगत नको, असं १४डी म्हणतं. मालाचं वर्णन फक्त इन्व्हॉइसवर एलसीशी जुळायला हवं, बाकी कागदांवर विसंगत नसलेले साधारण शब्द चालतात. त्यामुळे रेनरमधल्या बँकेला आज बचाव इतका सोपा गेला नसता, असं माझं मत.

चेंबरच्याच आयएसबीपीत (कागद कसे तपासायचे याच्या पुस्तिकेत) टायपिंगच्या चुकांची उदाहरणं आहेत. मशीनच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं किंवा 'मॉडेल' या शब्दातली दोन अक्षरं उलटसुलट झाली, तर ती डिस्क्रेपन्सी नाही. पण 'मॉडेल ३२१' च्या जागी 'मॉडेल १२३' आलं तर ती आहे, कारण आता तो दुसराच माल असू शकतो. आमच्या नमुन्यात '३० काउंट' चं '३ काउंट' झालं की कागद परत.

पत्त्याबद्दल लोक उगाच घाबरतात. १४जे प्रमाणे खरेदीदार-विक्रेत्याचा पत्ता तंतोतंत सारखा नसला तरी चालतो, देश तोच हवा. फक्त बिल ऑफ लेडिंगवर कन्साइनी (माल घेणारा) किंवा नोटिफाय पार्टी (माल आल्याचं ज्याला कळवायचं तो) म्हणून खरेदीदाराचा पत्ता येत असेल तर तो एलसीप्रमाणेच.

शंकेखोर

समजा एवढं करूनही नाकारले. मग?

तळटीप

आधी नकाराची नोटीस वाचा, ती एमटी ७३४ ने येते. कलम १६ प्रमाणे तिच्यात तीन गोष्टी हव्यात: बँक नाकारतेय हे, एकूण एक डिस्क्रेपन्सी, आणि कागदांचं ती काय करतेय हे. ठेवून घेतेय, परत पाठवतेय, की खरेदीदाराच्या माफीची (त्रुटी चालतील, असं त्याने म्हणण्याची) वाट बघतेय. नोटीस एकदाच. दुसऱ्या दिवशी चौथी चूक सापडली तर ती बँकेला उगाळता येत नाही.

वेळ, कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जास्तीत जास्त ५ बँकिंग दिवस. सोमवारी कागद पोचले आणि शनिवार-रविवार बंद असेल, तर पुढच्या सोमवारी कामकाज संपेपर्यंत. त्यानंतर आलेली किंवा वरच्या तीनपैकी एक गोष्ट गाळलेली नोटीस बँकेलाच महागात पडते. १६एफ प्रमाणे मग ती 'कागद चुकीचे होते' असं म्हणूच शकत नाही. चूक खरोखर असली तरी! नकार आला की रडण्याआधी तारखा मोजा, ही सवय लावून घ्यावी.

नोटीस बरोबर असेल तर मुदतीच्या आत दुरुस्त कागद पुन्हा द्या. तेवढा वेळ नसेल तर खरेदीदाराची माफी. पण माफी स्वीकारायची की नाही हे उघडणारी बँक ठरवते, खरेदीदार नाही. 'कागद कलेक्शनवर पाठवा' असा सोपा सल्ला मिळेल. तो घेतलात तर व्यवहार यूआरसी ५२२ (बँकेमार्फत नुसत्या वसुलीचे नियम) खाली जातो आणि बँकेच्या हमीवर स्वतःच्या हाताने पाणी सोडता.

खलाशी

आता दुसरी बाजू. खरेदीदार मंडळी समजतात की एलसी उघडली म्हणजे मालाचीही खात्री झाली. कलम ५: बँकांचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. कार्टनमध्ये काय आहे हे बँक उघडून बघत नाही.

शंकेखोर

कार्टनमध्ये चिंध्या भरल्या असतील तरी पैसे द्यायचे?

नांगर

तिथे फसवणुकीचा अपवाद येतो. यूसीपी त्यावर गप्प आहे, तो देशोदेशीच्या कायद्यातून येतो. पायाचा खटला १९४१ चा, न्यूयॉर्कमधला श्टाइन विरुद्ध श्रोडर. डुकराच्या राठ केसांच्या ऑर्डरवर ५० पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरल्याचा आरोप होता. विकणाऱ्याची सरळसरळ लबाडी पैसे देण्याआधी बँकेच्या ध्यानात आणून दिली असेल, तर एलसीच्या स्वतंत्रपणाच्या आड त्याला लपता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. अमेरिकेत पुढे हे युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या ५-१०९ मध्ये आलं.

पण दार अरुंद आहे. 'माल हलक्या प्रतीचा' ही फसवणूक नव्हे, तो कराराचा वाद. १९८२ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा 'अमेरिकन अकॉर्ड' निकाल बघा. शेवटची लदान तारीख १५ डिसेंबर १९७६. माल चढला १६ ला, आणि लोडिंग ब्रोकरने बिलावर खोटी १५ तारीख घातली. विकणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. बँकेने पैसे द्यायला हवे होते, असा निकाल लागला. फसवणूक लाभार्थ्याची, म्हणजे विकणाऱ्याची, स्वतःची हवी, तिसऱ्याच्या लबाडीने त्याचा हक्क जात नाही.

कागद मुळातच बनावट, पण लाभार्थी निर्दोष, तर? इथे कोर्टांची तोंडं दोन दिशांना. इंग्लंडने मॉन्ट्रॉड खटल्यात २००१ साली वेगळा अपवाद मानायला नकार दिला, सिंगापूरने बीम टेक्नॉलॉजीमध्ये २००२ साली तो मानला. त्यामुळे एलसीला कुठल्या देशाचा कायदा लागू हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

पाटीपेन्सिल

४९ 'विदाउट' बद्दल कुणी काहीच बोललं नाही.

तळटीप

कन्फर्मेशन नाही, म्हणजे हमी एकट्या उघडणाऱ्या बँकेची. ती बँक बुडाली, किंवा तिच्या देशाने परकीय चलन बाहेर जाणं अडवलं, तर सल्ला देणारी बँक (विकणाऱ्याला एलसी नुसती पोचवणारी) हात वर करेल, आणि तिचं बरोबरच असेल. कन्फर्म करणारी बँक स्वतःची वेगळी हमी घालते, तिचा खर्च कुणी सोसायचा हे आधी ठरवावं. उघडणारी बँक मोठी आणि देश स्थिर असेल तर माझ्या मते हा खर्च टाळता येतो. तपासणीच्या अटीला मात्र कन्फर्मेशनचा काही इलाज नाही, अपुऱ्या कागदांवर कन्फर्म करणारी बँकही पैसे देणार नाही.

पैसे ठरावीक मुदतीनंतर देणारी एलसी असती तर आणखी एक गंमत होती. बॅंको सँतांदेर विरुद्ध बेफर्न, इंग्लंड, २०००: कन्फर्म करणाऱ्या बँकेने डिफर्ड पेमेंटची रक्कम मुदतीआधी डिस्काउंट करून, म्हणजे व्याज कापून, दिली, मधल्या काळात लाभार्थ्याने केलेली फसवणूक उघड झाली, आणि भुर्दंड त्या बँकेवर पडला. यूसीपी ६०० ने कलम १२बी घालून नॉमिनेटेड बँकेला आगाऊ पैसे देण्याचा अधिकार दिला, तो यामुळे.

कागदी घोडा

तर आतापर्यंतची अमेंडमेंटची मागणी अशी: तपासणी स्वतंत्र संस्थेची, मुदत १० जुलै, ठिकाण विकणाऱ्याचा देश, ४१ए 'एनी बँक, बाय निगोशिएशन', प्रमाण आणि रक्कम दोन्हींना 'अबाउट', 'पॉलिसी किंवा सर्टिफिकेट', बिल टू ऑर्डर. ४७एला हात लावायची गरज नाही. सगळं एकाच पत्रात मागा. प्रत्येक अमेंडमेंटला बँक वेगळं शुल्क लावते आणि तुकड्यातुकड्याने मागितलं की खरेदीदारही वैतागतो.

शंकेखोर

आणि त्याने पाच गोष्टी मान्य केल्या, पण त्याच अमेंडमेंटमध्ये लदानाची तारीख १० जूनवर आणली तर? पाच घेऊन सहावी नाकारता येईल?

तळटीप

नाही. कलम १०ई, अर्धवट स्वीकार म्हणजे पूर्ण नकार. एका एमटी ७०७ (अमेंडमेंटचा संदेश) मधलं सगळं घ्या किंवा सगळं सोडा. 'अमुक दिवसांत उत्तर न दिल्यास मान्य समजू' असं त्यात लिहिलं असेल तर ते वाक्य नसल्यासारखंच, १०एफ. तुम्ही गप्प बसलात तर जुनी एलसी जशीच्या तशी जिवंत राहते. पण नव्या अटींशी जुळणारे कागद दिलेत की त्याच क्षणी अमेंडमेंट स्वीकारली असं धरतात. तेव्हा १० जून झेपणार नसेल तर लेखी नकार कळवा, नवी अमेंडमेंट मागा, आणि ती हातात पडेपर्यंत कंटेनरला सील लावू नका.